उन्हाळी सुट्टीतलं म्युझिकल: सहा आठवड्यांत प्रयोगापर्यंत

१३ ते १८ वयाची पंचवीसेक मुलं, तासाभराचं म्युझिकल, दहा गाणी आणि हातात सहा आठवडे. रोज तीन तास, आठवड्याला पाच दिवस म्हटलं तर ९० तास मिळतात. एवढ्या वेळात प्रयोग उभा राहतो, पण ९० तास कुठे जाणार हे पहिल्या तालमीच्या आधी कागदावर असलं पाहिजे.

सगळीकडे एकच गोष्ट घडते. चौथ्या आठवड्यात मुलांना गाणी येत असतात, नाच बसलेला असतो, संवाद पाठ असतात, आणि तरी पहिला सलग रन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता केलेली तालीम, कोसळतो. बोलण्यातून गाण्यात शिरताना, गाण्यातून नाचात जाताना, एक प्रवेश संपून दुसरा लागताना, म्हणजे सांध्यांवर तो कोसळतो. त्या सांध्यांची तालीमच झालेली नसते. खालचं सगळं नियोजन त्यांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून आहे.

संहिता, हक्क आणि नावनोंदणी

आधीपासून असलेलं म्युझिकल करायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी तालमी सुरू होण्यापूर्वी घ्या. तिकीट नाही, प्रेक्षक फक्त पालक आहेत, म्हणून ती लागत नाही असं गृहीत धरू नका. प्रयोगाचं चित्रीकरण हा वेगळा हक्क असतो. सादरीकरणाची परवानगी मिळाली म्हणजे व्हिडिओ इंटरनेटवर टाकता येतो असं नाही. गाणं कापणं, पात्राचं लिंग बदलणं, पट्टी बदलणं या गोष्टीही विचारूनच करायच्या. बऱ्याच लोकप्रिय म्युझिकल्सच्या मुलांसाठी तासाभराच्या छोट्या आवृत्त्या मिळतात. त्यांतल्या पट्ट्या कोवळ्या आवाजांना सोयीच्या केलेल्या असतात आणि बहुधा तालमीचे ट्रॅकही, म्हणजे रेकॉर्ड केलेलं साथीचं संगीत, सोबत येतात. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी तीच वाट धरावी. मोठं नाटक घेऊन ते स्वतः कापत बसण्यात दोन आठवडे जातात.

स्वतः लिहिणार असाल तर संहिता आणि चाली पहिल्या तालमीला पूर्ण हव्यात. ‘शेवटचं गाणं तालमीत सुचेल’ असं म्हणत सुरू केलेल्या नाटकाचं शेवटचं गाणं सगळ्यांत कच्चं राहतं, आणि प्रेक्षक घरी नेतात ते तेच.

नावनोंदणीच्या अर्जात तीन गोष्टी विचाराच: कुठल्या तारखांना मूल नसेल, ॲलर्जी किंवा दमा वगैरे काही आहे का, आणि घरी न्यायला कोण येणार. सुट्टीत गावाला जाणं होतंच. पहिल्या चार आठवड्यांत तीन-चार दिवसांची गैरहजेरी चालवून घेता येते. शेवटचे दोन आठवडे पूर्ण हजेरी, हे अर्जावरच ठळक छापा आणि पालकांची सही घ्या. चौथ्या आठवड्यात समजलेली सहल पोराला भूमिकेतून काढायला लावते, आणि तो दोष पोराचा नसतो.

९० तासांची वाटणी

गाणी शिकवणं २० तास. तीन मोठे समूहनृत्याचे तुकडे २० तास. बाकीच्या गाण्यांतल्या हालचाली १० तास. गद्य प्रवेश १५ तास. सांधे आणि सलग रन १५ तास. तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम १० तास. बेरीज बरोबर ९० येते, म्हणजे चुकायला जागा नाही. म्हणून दोन खोल्या मिळवा. एकीकडे कोरस गाणं शिकतोय तेव्हा दुसरीकडे दोघांचा प्रवेश बसला पाहिजे. पंचवीस मुलांना एकाच खोलीत बसवून तिघांची तालीम घेतली की बाविसांच्या हातात फोन येतात.

पहिल्या आठवड्यात निवड, वाचन आणि फक्त संगीत. दुसऱ्यात संगीत संपवायचं आणि पहिला मोठा नाच सुरू करायचा. तिसऱ्यात सगळे प्रवेश ढोबळ उभे करायचे. आठवड्याअखेर संहिता हातातून सुटली पाहिजे. चौथ्यात उरलेले नाच आणि पहिला सलग रन, कितीही विस्कळीत असला तरी. पाचवा पूर्ण सांध्यांचा. सहाव्यात रंगमंच, तंत्र, प्रयोग.

निवड चाचणी

प्रत्येकाला मिनिटभराचं गाणं आणि अर्ध्या पानाचा संवाद द्या. नाचाची चाचणी गटाने घ्या: चार अठ्ठे शिकवा, म्हणजे आठ-आठ मोजणीचे चार तुकडे, आणि दोनदा करून घ्या. कोण सुंदर नाचतं यापेक्षा कोण चुकल्यावर पुढच्या मोजणीला परत येतं हे बघा. तसं मूल प्रयोगात उपयोगी पडतं.

गाताना स्वर किती वर आणि किती खाली जातो ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. ‘चांगला गातो’ ही नोंद महिनाभराने काही सांगत नाही. ‘मध्य सा ते ध आरामात, वरचा नी ओढून’ ही सांगते. दुसऱ्या फेरीत जोड्या लावून बघा. प्रमुख भूमिकेला पर्याय म्हणून कोरसमधलंच एक मूल आत्ताच ठरवा आणि त्याला तसं सांगा. त्याची एक तरी पूर्ण तालीम पाचव्या आठवड्यात झाली पाहिजे, नाहीतर पर्याय कागदावरच राहतो.

निकाल सगळ्यांना एकाच वेळी कळवा, संध्याकाळी, मुलं घरी असताना. खोलीच्या भिंतीवर यादी लावून मित्रमैत्रिणींसमोर रडायची वेळ कुणावर आणू नये.

आवाज

या वयाच्या मुलांबरोबर काम करताना सगळ्यांत जास्त लक्ष इथे लागतं. मुलग्यांचा आवाज बहुधा १२ ते १५ या वयात फुटतो. त्या काळात वरचे स्वर जातात, खालचे अजून आलेले नसतात, आणि मधे जेमतेम पाच-सहा स्वर भरवशाचे उरतात. मुलींच्या आवाजातही बदल होतो. तो कमी जाणवतो, पण वरच्या स्वरांत हवा मिसळते आणि दम लवकर संपतो. निवडीच्या दिवशी बसलेली पट्टी सहाव्या आठवड्यात बसेलच असं नाही. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला आवाज पुन्हा तपासा.

स्वर पोचत नसेल तर आधी पट्टी बदला. रेकॉर्ड केलेला ट्रॅक संगणकावर एक-दोन अर्धस्वर खाली-वर करता येतो. त्यापलीकडे वाद्यं खोटी वाजायला लागतात. पट्टी बदलूनही भागत नसेल तर त्या ओळीचा वरचा तुकडा कोरसला द्या किंवा ओळ चालीत बोलू द्या. ‘जोर लाव, येईल’ हे शब्द गायन शिक्षकाच्या तोंडून कधीही निघू नयेत. जोराने तो स्वर एकदा येतो आणि मग तीन दिवस घसा बसतो.

रोज दहा मिनिटं गळा तापवा: ओठ फुरफुरवत खालून वर आणि वरून खाली, मग तोंड मिटून गुणगुणणं, मग पाच स्वरांचे सरळ अलंकार अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर नेत. घसा बसलेल्या मुलाला कुजबुजायला सांगू नका. कुजबुजण्यानेही ताण पडतो. त्यापेक्षा गप्प बसणं बरं. लागोपाठ दोन रन असतील तर दुसऱ्यात गळा राखून गायची मुभा द्या: वरचे स्वर सप्तक खाली, आवाज निम्मा, शब्द मात्र स्पष्ट.

गाणी शिकवायचा क्रम आमच्या मते असा हवा: आधी ताल धरून शब्द बोलणं, मग चाल, मग दुसरा आवाज, म्हणजे मुख्य चालीसोबत वेगळ्या स्वरांत गायची ओळ. चालीबरोबरच शब्द शिकवले की मुलं चुकीच्या जागी श्वास घेतात आणि ती सवय सुटत नाही. श्वासाच्या जागा पेन्सिलने संहितेत खुणावून घ्या. दोन आवाजांत गायचं असेल तर खालचा आवाज आधी पक्का करा. मुख्य चाल कानाला लागते आणि लवकर येते, खालचा आवाज तिच्याकडे ओढला जातो.

पेटी किंवा पियानोवर कुणी वाजवणारं मिळालं तर पहिले तीन आठवडे ट्रॅक लावूच नका. वाजवणारा थांबतो, ट्रॅक थांबत नाही. प्रयोग ट्रॅकवर होणार असेल तर चौथ्या आठवड्यापासून मात्र प्रत्येक तालीम त्याच ट्रॅकवर घ्या, कारण लय तेव्हाच अंगात भिनते.

नाच

हिशेब सोपा आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक अठ्ठा चार सेकंदांचा. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे ४५ अठ्ठे. मिश्र कुवतीच्या गटाला तासाभरात सहा ते आठ अठ्ठे शिकवता येतात, असे की दुसऱ्या दिवशीही आठवतील. म्हणजे ४५ नवे अठ्ठे बसवायला साडेसहा तास, आणि नृत्यदिग्दर्शक सहसा हाच हिशेब विसरतो.

मार्ग असा: आठ अठ्ठ्यांचा मुखडा तीनदा येत असेल तर तिन्ही वेळा त्याच स्टेप्स ठेवा, फक्त रचना, दिशा किंवा पातळी बदला. सोळा अठ्ठे वाचतात, एकोणतीस उरतात. प्रेक्षकालाही ओळखीची हालचाल पुन्हा दिसली की ती आवडते. अवघड स्टेप्स पुढच्या सहा-आठ जणांना, बाकीच्यांना सोपी पण नेमकी हालचाल. पंचवीस जणांनी एकाच क्षणी मान वळवली तर ते पंचवीस जणांच्या अर्धवट गिरकीपेक्षा कितीतरी चांगलं दिसतं.

गात-गात नाचायचं असेल तर श्वास मधे येतो. ओळ गायची असते तिथे उड्या आणि गिरक्या नकोत. त्या वाद्यांच्या तुकड्यात टाका. तालमीत मुलांना नाचताना गायला लावा, पहिल्या दिवसापासून, मोठ्याने. ‘आधी पाय बसू दे, मग गाऊ’ म्हणालात की पाचव्या आठवड्यात मूकनाट्य मिळतं.

तालमीच्या खोलीत रंगमंचाची खरी मापं रंगीत चिकटपट्टीने जमिनीवर आखा: कडा, विंगा, पायऱ्या, दारं. पुढच्या कडेला मध्यबिंदूपासून दोन्हीकडे दर दोन फुटांवर आकडे लिहा. ‘थोडं डावीकडे’ ऐवजी ‘चारवर’ म्हटलं की वेळ वाचतो. डावं-उजवं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचं. आरसा असेल तर शेवटचे दोन आठवडे तो झाका, नाहीतर रंगमंचावर गेल्यावर सगळ्यांच्या नजरा भिरभिरतात.

सांधे

पाचव्या आठवड्यात संहितेतले सगळे सांधे वेगळ्या कागदावर लिहून काढा. तासाभराच्या म्युझिकलमध्ये ते तीस-पस्तीस निघतात. प्रत्येकाची तालीम आधीच्या दोन वाक्यांपासून पुढच्या दोन ओळींपर्यंत, बस. तीस सेकंदांचा तुकडा, पाच वेळा.

एक उदाहरण जवळून बघू. मुलगी शेवटचं वाक्य म्हणते, ‘मी कुठेही जाणार नाही’, आणि गाणं सुरू व्हायचं आहे. आधी चार आवर्तनं नुसतं संगीत आहे, चार-चार मात्रांची, मिनिटाला ९६ ची लय. सोळा मात्रा, दहा सेकंद. वाक्य संपल्यावर ट्रॅक सुरू केला तर ती मुलगी दहा सेकंद प्रेक्षकांकडे बघत हात कुठे ठेवावेत याचा विचार करत उभी राहते, आणि तेवढ्यात प्रवेशातली धग निघून जाते. उपाय दोन, आणि ते दोन्ही एकदम करायचे. ट्रॅक वाक्याच्या शेवटी नव्हे, दोन वाक्यं आधीच्या एका ठरावीक शब्दावर सुरू करा, म्हणजे शेवटचं वाक्य संगीतावर येईल आणि त्यानंतर दोनेक सेकंदच उरतील. आणि त्या दोन सेकंदांना एक काम द्या: तिने पत्र घडी करून खिशात टाकावं, खिशातून हात निघाला की पहिला शब्द. ट्रॅक चालवणाऱ्याच्या संहितेत तो शब्द अधोरेखित, तिच्या संहितेत घडी.

गाण्याचा शेवटही बसवावा लागतो. शेवटच्या ठोक्याला सगळे जिथे थांबतात तिथेच थांबून राहायचं. टाळ्या चढतात, मग उतरू लागतात, आणि उतरू लागल्या की पुढचं वाक्य. मुलं घाबरून टाळ्यांतच बोलतात आणि पुढच्या प्रवेशाचं पहिलं वाक्य, ज्यात बहुधा ठिकाण किंवा वेळ सांगितलेली असते, कुणाला ऐकू येत नाही. रनच्या वेळी खोलीतल्या सगळ्यांनी खऱ्या टाळ्या वाजवा. टाळ्या न पडल्या तर किती थांबायचं हेही ठरवून ठेवा. दोन मोजणी पुरतात.

प्रवेशबदल १५ सेकंदांच्या आत. प्रत्येक वस्तूसाठी तक्त्यात चार रकाने: वस्तू, कोण उचलणार, कुठल्या विंगेतून, कुठे ठेवणार. तक्ता दोन्ही विंगांत चिकटवा, निळ्या मंद दिव्याखाली. शक्य तिथे बदल गाण्याच्या शेवटच्या ओळींवरच करा, उजेडात, पात्रांनीच. अंधारातली सामानाची खडखड कुणालाच नको असते.

नेपथ्य, कपडे, उजेड

नेपथ्य कमी ठेवा. ब्रेक लागणारी चाकं असलेले दोन चौथरे, चार ठोकळे आणि एक मागचा पडदा यांत बहुतेक कथा मावतात. चौथऱ्यावर मुलं नाचणार असतील तर नाचणाऱ्या सगळ्यांपेक्षा जास्त मोठी माणसं उभी करून तो आधी तपासा. कडांना अंधारात चमकणारी पट्टी लावा. शिडीवर चढणं, करवत, ड्रिल आणि विजेचं काम प्रौढांचं. रंगकाम, सुतळी, कागदकाम मुलांचं.

पटकन कपडे बदलायचे असतील तर बटणं काढून वेल्क्रो किंवा चापाची बटणं, नाडीऐवजी इलॅस्टिक. एका बदलाला एक मदतनीस, कपडे घालायच्या उलट क्रमाने रचलेले, बूट तोंड नटाकडे करून. आतला पोशाख आधीच अंगात असेल तर वेळ निम्मा होतो. हा बदल घड्याळ लावून किमान तीनदा करा आणि तालमीत नाचाचे बूट तिसऱ्या आठवड्यापासून घालायला लावा. नव्या बुटांत पहिल्यांदा रंगीत तालमीला नाचलं की घसरणं ठरलेलं. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, आणि कुठल्याही खोलीत एकटा प्रौढ एकट्या मुलासोबत राहणार नाही, हा नियम लेखी असू द्या.

प्रकाशाचं साधं सूत्र: चेहरे दिसले पाहिजेत. समोरून, तिरप्या कोनातून दोन्ही बाजूंनी सम उजेड आधी लावा, रंग नंतर. प्रकाशबदलांना १०, २०, ३० असे क्रमांक द्या, म्हणजे ऐनवेळी १५ घुसवता येतो.

माइक

पंचवीस मुलांना पंचवीस वायरलेस माइक लागत नाहीत. आठ ते दहा पुरतात: एकट्याने गाणारे आणि बोलणारे, शिवाय कोरसमधले दोन भक्कम आवाज. माइक कपाळावर केसांच्या रेषेशी किंवा गालावर, वैद्यकीय चिकटपट्टीने. टोपी, घुंघट किंवा मोठे कानातले असतील तर ते घालूनच जागा ठरवा. ट्रान्समीटर, म्हणजे माइकचा आवाज पाठवणारी डबी, कमरेच्या कापडी पट्ट्यात, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कारण उन्हाळ्यात आणि दिव्यांखाली घाम इतका येतो की यंत्र बंद पडतं. प्रत्येक प्रयोगाआधी बॅटरी नव्या. कालच्या ‘अजून अर्ध्या आहेत’ यावर विसंबू नका.

दोघं अगदी तोंडासमोर तोंड आणून गातात तेव्हा दोन्ही माइक दोन्ही आवाज पकडतात आणि आवाज पोकळ, पाइपातून आल्यासारखा वाटतो. ध्वनी चालवणाऱ्याने तेव्हा एका माइकचा आवाज उतरवायचा. आणि विंगेत गेलेल्या नटाचा माइक बंद झालाच पाहिजे. त्यासाठी ध्वनी चालवणाऱ्याच्या समोरच्या संहितेत प्रत्येक पानावर कुठले माइक चालू, कुठले बंद, हे लिहिलेलं हवं.

कोरस मागे पडतोय अशी तक्रार हमखास येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर पंधरा मीटरवर असेल तर कोरसच्या मागच्या रांगेला संगीत साधारण ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं, आणि ती रांग त्यावर गाते. ओरडून उपयोग नाही. विंगांत नटांच्या दिशेने छोटे स्पीकर ठेवा. ट्रॅक चालवणाऱ्या लॅपटॉपचं इंटरनेट, सूचना आणि स्क्रीनसेव्हर बंद. दुसऱ्या यंत्रावर तेच ट्रॅक त्याच क्रमाने तयार.

शेवटचा आठवडा

सोमवारी कलाकारांशिवाय दिवे आणि ध्वनी. मंगळवारी सूचना-ते-सूचना तालीम: मधले संवाद गाळून एका बदलावरून थेट पुढच्यावर. ही संथ आणि कंटाळवाणी असते, मुलांना आधीच सांगा, आणि गळा राखायला सांगा. बुधवारी वेशभूषेशिवाय सलग रन, गुरुवारी रंगीत तालीम, न थांबता, काहीही झालं तरी. रंगमंच व्यवस्थापक, शक्यतो सतरा-अठराचं शांत डोक्याचं मूल, हेडसेटवर प्रत्येक बदल दोन टप्प्यांत देतो: ‘तयार’ आणि ‘गो’. गुरुवारपासून दिग्दर्शकाने विंगेत जायचं नाही. सूचना वहीत लिहायच्या आणि रन संपल्यावर वीस मिनिटांत द्यायच्या. नमनाची, म्हणजे शेवटच्या झुकण्याची, तालीम आत्ताच घ्या. ती विसरली जाते.

प्रयोगाच्या दिवशी मुलं दीड तास आधी. हजेरी, माइक, गळा, अंग, मग सगळ्यांत धोक्याचा तुकडा, म्हणजे नाचात कुणाला उचलणं किंवा मारामारी, एकदा संथ लयीत. दारं अर्धा तास आधी उघडायची आणि त्यानंतर कुणीही रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. विंगेत प्रत्येकाच्या नावाची पाण्याची बाटली, बूच घट्ट बसणारी. सांडलेलं पाणी आणि नाचाचे गुळगुळीत तळवे एकत्र येऊ नयेत.

शेवटच्या प्रयोगानंतर मुलांना लगेच सोडू नका. अर्धा तास आवरण्याचा: माइक मोजून पेटीत, बॅटऱ्या काढून, कपडे नावानुसार पिशव्यांत, जमिनीवरची पट्टी सोलून. संहिता आणि स्वरलिपी भाड्याने आणलेल्या असतील तर पेन्सिलच्या खुणा खोडून परत कराव्या लागतात. पंचवीस मुलं आणि पंचवीस खोडरबर असतील तर ते काम तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी ते एकट्या व्यवस्थापकावर येतं.